घ्रेलिन आणि लेप्टिनसाठी रक्ताचा नमुना घेताना

भुकेच्या हॉर्मोनांवर प्रबंधाचं काम करत असाल तर एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: भूक कमी करणारं लेप्टिन टिकाऊ आहे, भूक वाढवणारं घ्रेलिन अजिबात नाही. घ्रेलिन म्हणजे २८ अमिनो आम्लांची साखळी. तिच्या तिसऱ्या जागेवरच्या सेरीनला आठ कार्बनांचं मेदाम्ल जोडलेलं असतं. ते असेल तरच मेंदूतला रिसेप्टर तिला ओळखतो. रक्तातली एस्टरेझ नावाची विकरं (एन्झाइम) हे मेदाम्ल तोडत राहतात, अगदी नळीत भरल्यानंतरही. सगळी धावपळ एवढ्यासाठीच.

आदल्या रात्री दहाच्या आत जेवण आणि सकाळी आठ ते नऊमध्ये नमुना, ही वेळ सगळ्यांना सारखीच ठेवा, कारण लेप्टिन रात्री चढतं आणि सकाळी उतरतं. पाणी चालेल, चहा नाही. ‘काही खाल्लंय का?’ एवढंच विचारलं तर बरेच जण दुधासाखरेचा चहा मोजतच नाहीत, त्यामुळे चहाचं नाव घेऊनच विचारा. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीबद्दलही विचारा.

घ्रेलिनसाठी जांभळ्या टोपणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली नळी आधीच बर्फात ठेवा. रक्त घेताच दर मिलीलीटरमागे १ मिलिग्रॅम एईबीएसएफ (एस्टरेझना रोखणारं रसायन) घाला आणि नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करा. जोरात हलवली तर पेशी फुटतात, प्लाझ्मा गुलाबी दिसतो. असा नमुना टाकून द्या. अर्ध्या तासाच्या आत ४ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं सेंट्रीफ्यूज करा. वेगळ्या केलेल्या प्लाझ्माच्या दर मिलीलीटरमागे १ नॉर्मल (1 N) तीव्रतेचं हायड्रोक्लोरिक आम्ल ५० मायक्रोलीटर घाला. घ्रेलिन मोजायच्या किटच्या पत्रकात वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. मग छोट्या कुप्यांत वाटून उणे ८० अंशांवर ठेवा; एक कुपी एकदाच वितळवायची.

नमुने घेण्याचं शिबिर पुण्याबाहेर मुळशी-भोरकडे असेल तर सेंट्रीफ्यूज सोबत न्या. एप्रिल-मेच्या उन्हात अख्खं रक्त पुण्यापर्यंत आणण्यात अर्थ नाही. ते कोरड्या बर्फावर तर मुळीच ठेवू नका, गोठून पेशी फुटतील. प्लाझ्मा मात्र कोरड्या बर्फातच आणा.

लेप्टिनला साधी लाल टोपणाची नळी पुरते. अर्धा तास गुठळी होऊ द्या आणि सीरम काढून घ्या. त्याच सीरममध्ये ट्रायग्लिसराइड्सही मोजा. उंदरांवरच्या प्रयोगांत ट्रायग्लिसराइड्स वाढली की लेप्टिन मेंदूत कमी शिरतं असं दिसलं आहे. मुळात १६ किलोडाल्टनचं हे प्रथिन रक्त-मेंदू अडथळ्यातून आपोआप झिरपत नाही. त्याला वाहक लागतो, आणि वाहकांची क्षमता संपली की रक्तात कितीही वाढलं तरी मेंदूभोवतीच्या द्रवात (मेंदूपाण्यात) त्या प्रमाणात वाढत नाही. लठ्ठ माणसांत हेच आढळतं. त्यामुळे तक्त्यात ‘रक्तातील लेप्टिन’ असंच लिहा. मेंदूला किती पोचलं हे या आकड्यावरून सांगता येत नाही.

तुलना बीएमआयवर (उंचीच्या मानानं वजन) सोडू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंच आहे की आपल्याकडे अंगानं बारीक माणसातही चरबी बरीच असू शकते. लेप्टिन येतं चरबीतूनच. शरीरातल्या चरबीची टक्केवारी मोजा आणि स्त्री-पुरुषांचे आकडे वेगवेगळे मांडा, कारण चरबी सारखी असली तरी स्त्रियांत लेप्टिन जास्त असतं.