म्युझियममधले दगड, शंख आणि पेंढा भरलेले पक्षी: या चुका टाळा

गेली अकरा वर्षं मी आमच्या गावातल्या छोट्या म्युझियममध्ये शनिवार-रविवार फुकट राबतो. निसर्ग विभाग म्हणजे दोन खोल्या आणि सात कपाटं, त्यात गारगोट्या, जीवाश्म, शंख-शिंपले, फुलपाखरांचे डबे आणि पेंढा भरलेले चार-पाच पक्षी. दर उन्हाळ्यात सुट्टीत नवीन उत्साही मंडळी येतात आणि दर उन्हाळ्यात त्याच चुका करतात, त्यामुळे आता तोंडाने सांगायचा कंटाळा आलाय, लिहूनच टाकतो.

"सर, आधी सगळं धुऊन काढू का?"

नको. हात बांधून उभे राहा.

आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांमध्ये जी खनिजं मिळतात ना, त्यात ओकेनाइट म्हणून एक आहे. पांढरे मऊ गोळे, अगदी कापसाच्या बोंडासारखे, पुण्या-मुंबईकडच्या खाणींतून आलेले. आमच्याकडे असा एक सुंदर नमुना होता, लिंबाएवढे तीन गोळे. एक इंजिनिअरिंगचा पोरगा, मनाने चांगला, पण वाट बघायची सवय नाही, त्याने मी चहाला गेलो तेवढ्यात तो नळाखाली धरला आणि वरून टूथब्रश फिरवला, साबणाचा. परत आलो तर गोळ्यांचे सगळे तंतू भिजलेल्या मांजराच्या केसांसारखे चप्प बसलेले. मग मी त्याच्याहून शहाणा, घरून हेअर ड्रायर आणला आणि मारला, तर तंतू एकमेकांना आणखीच चिकटले. आज तो नमुना वाळलेल्या पिठाच्या गोळ्यासारखा दिसतो. मी तो मुद्दाम पुढच्या कपाटात ठेवलाय, नवीन कोण आलं की आधी तोच दाखवतो.

स्कोलेसाइट या दुसऱ्या खनिजाच्या सुयांचंही तसंच, फुंकर जोरात मारली तरी तुटतात. लोमोंटाइट हे तिसरं खनिज तर कोणी हात न लावताही भुगा होतं, कारण कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडून जातं, आणि लोक ते "दमट लागतंय" म्हणून उन्हात ठेवतात! आणि ते संडास साफ करायचं ॲसिड घेऊन येणारे... अहो, कॅल्साइट त्यात फसफसून विरघळतं, स्कोलेसाइटवर जेलीसारखा थर येतो, चकाकी गेली ती गेली. व्हिडिओत बघितलं म्हणतात. त्या व्हिडिओत स्फटिक क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा असतो हो, त्याला काय होतंय.

मी काय करतो? कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश. बास. तेवढ्याने धूळ गेली नाही तर धूळ राहू दे.

चिठ्ठी एकीकडे, दगड दुसरीकडे

हा माझा सगळ्यात नाजूक विषय.

एका निवृत्त प्राध्यापकांच्या घरच्यांनी त्यांचा अख्खा संग्रह आम्हाला दिला. प्रत्येक दगड वर्तमानपत्रात गुंडाळलेला आणि आत सरांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. मी त्या रविवारी लग्नाला गेलो होतो. तोवर आमच्या टीमने एका दुपारात सगळं उघडलं, दगड टेबलावर रंगाप्रमाणे छान मांडले, आणि चिठ्ठ्या "हरवू नयेत म्हणून" बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरल्या. वर मला फोटो पाठवला, अंगठ्यासकट.

पुढचे कित्येक रविवार जुळवाजुळव केली. कॅव्हान्साइट हे निळंशार खनिज लगेच जुळलं, कारण चिठ्ठीवर पुण्याजवळचं वाघोली लिहिलेलं आणि तसला निळा दुसरीकडचा आमच्याकडे येणार कुठून. पण गुलाबी स्टिलबाइट खनिजाचे दगड नऊ, आणि चिठ्ठ्यांवर नाशिक, जळगाव, सिन्नर, अहिल्यानगर. कुठला कुठचा हे आता ब्रह्मदेवही सांगणार नाही. एका चिठ्ठीवर गावाचं नाव आणि पुढे "नवी विहीर, ३५ फूट, लाल थराच्या खाली" असं होतं. लाल थर म्हणजे दोन लाव्हांच्या मधला, म्हणजे नमुना नेमका कुठल्या लाव्हातला हे सरांनी लिहून ठेवलेलं. सगळ्या संग्रहात सगळ्यात भारी माहिती तीच, आणि तिचा दगड त्या नऊपैकी कुठला, की त्यातला नाहीच, माहीत नाही.

म्हणून आता नियम. कागद सोडायच्या आधी दगड आणि चिठ्ठी एकत्र ठेवून मोबाईलवर फोटो. मग दगडाच्या मागच्या बाजूला, स्फटिक नसेल तिथे, नंबर. ॲसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉईड बी-७२ चा (म्युझियमवाले वापरतात तो पारदर्शक लेप) छोटा पट्टा, वाळला की त्यावर काळ्या शाईने नंबर, वर परत एक हात. तेच नंबर रजिस्टरमध्ये आणि चिठ्ठीवर पेन्सिलने. नेलपॉलिश चालतं असं खूप जण सांगतात, पिवळं पडून पापुद्रे निघतात तेव्हा ते नसतात बघायला. बॉलपेनही नको, उडतं.

आणि "स्थळ: पुणे" असं लिहू नका हो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा एकावर एक थर येऊन साठलाय, पुणे म्हणजे त्यातलं काय? खाणीचं नाव, गाव, तालुका, किती खोलीवर, कोणी कधी दिलं. उद्या ती खाण बुजवून वर सोसायटी उभी राहते, मग जाऊन विचारायचं कोणाला, वॉचमनला?

बाकीच्या पटापट

डांबरगोळ्या: फुलपाखरांच्या डब्यात मूठभर टाकून लोक निश्चिंत होतात. लागलेली कसर त्याने जात नाही, डब्याच्या तळाचा थर्माकोल मात्र वितळतो. मी डबा पिशवीत हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८-२० ला दोन आठवडे ठेवतो, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडत नाही, नाहीतर आत दव धरतं. (हो, घरच्या फ्रीजरमध्ये. हो, बायको बोलते.)

नवीन प्लायवूडचं कपाट: त्यातून आम्लाची वाफ येते आणि शंखांवर पांढरी पावडर धरते. ती बुरशी नाही, शंखच खाल्ला जातोय.

इन्स्टंट गम: तुटलेला जीवाश्म चिकटवायची घाई कसली आहे? तुकडे एका डबीत ठेवा, पुढे कोणीतरी जाणकार येईल.

चंद्रपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यातले पानांचे ठसे, त्यात कधी पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज असतं. पावसाळ्यात ते ओल धरून फुलतं, गंधकाचं आम्ल सुटतं, खालची चिठ्ठीसुद्धा करपते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल.

"डायनासोरचं अंडं": वर्षाला दोन तरी येतात. बेसाल्ट, म्हणजे आपला काळा दगड, झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटून गोल गोळा उरतो, तोच तो. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला डायनासोरची खरी हाडं मिळालीत, पण तुमच्या बांधावर नाही. माणूस मात्र प्रेमाने आणतो, चहा पाजा.

जुने पेंढा भरलेले पक्षी-प्राणी: पूर्वी कातडीला आतून आर्सेनिकचा साबण लावायचे. उघड्या हाताने झटकू नका, लहान मुलांना कुरवाळू देऊ नका. ग्लोव्हज आणि मास्क, नंतर हात साबणाने. इथे मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

आणि आजोबांनी मारलेल्या बिबट्याचं मुंडकं कोणी द्यायला आलं तर लगेच घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला मालकीचा दाखला लागतो. आधी वनखात्याला फोन. आमच्याकडे एकजण सकाळी सकाळी गोणीत बांधून पायरीवर ठेवून पळून गेला, त्या गोणीपायी माझे तीन रविवार वनखात्याच्या ऑफिसात गेले, त्यातले दोन वेळा ऑफिस बंद, कारण रविवार.