ऑप्टिकल नोड कार्यालयाच्या लॅनला जोडताना या चुका टाळा

समजा, बेळगाव, हुक्केरी, संकेश्वर, निपाणी, चिकोडी आणि गोकाक येथील ऑप्टिकल नोड (फायबरवरून वाहतूक नेणारी उपकरणे) एका फायबर रिंगमध्ये आहेत आणि त्यांपैकी बेळगाव व निपाणीचे नोड गेटवे, म्हणजे रिंगची प्रवेशद्वारे, म्हणून कार्यालयाच्या लॅनला (स्थानिक नेटवर्कला) जोडलेले आहेत. मधल्या नोडांची देखरेख फायबरमधल्याच व्यवस्थापन वाहिनीवरून होते आणि त्यांच्यापर्यंतची वाट ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल, शोधतो. या जोडणीत चूक राहिली तरी ग्राहकांची वाहतूक सुरळीत चालू असते. त्यामुळे ती चूक महिनोन्महिने लपून राहते आणि रस्त्याकडेच्या खोदाईत फायबर तुटले की नेमकी त्याच दिवशी उघडी पडते.

सर्वांत महागात पडते ती एरियाच्या, म्हणजे ओएसपीएफसाठी पाडलेल्या नेटवर्कच्या भागाच्या, क्रमांकातील चूक. रिंग उभारणारे तिला एरिया ० देतात, कार्यालयातील राउटरही आधीपासून एरिया ० मध्ये असतात आणि मधल्या लॅनला मात्र एरिया १ दिला जातो. अशा वेळी इतर एरियांना जोडणाऱ्या एरिया ० चे दोन तुकडे होतात, कारण एरियांच्या सीमेवरचा राउटर इतर एरियांतून आलेले सारांश-मार्ग (एका एरियातील मार्गांची दुसऱ्याला दिलेली माहिती) एरिया ० मध्ये पुढे पाठवत नाही. शेजारी राउटर ‘फुल’ (संबंध पूर्ण) स्थितीत दिसतो, पण मार्गांच्या तक्त्यात रिंगमधले नोड नसतात. लॅन एरिया ० मध्ये आणि रिंग एरिया १ मध्ये ठेवणे हा सरळ उपाय आहे. रिंगचा क्रमांक बदलणे शक्यच नसेल, तर एरिया १ मधून व्हर्च्युअल लिंक (दोन तुकडे जोडणारा आभासी दुवा) द्यावी.

क्रमांक बरोबर असूनही एक सापळा उरतो. तक्ता आटोपशीर दिसावा म्हणून दोन्ही गेटवेंवर नोडांचे वेगवेगळे मार्ग न सांगता संपूर्ण रिंगचा एकच सारांश-मार्ग जाहीर केला जातो. बेळगाव–हुक्केरी आणि चिकोडी–गोकाक हे दोन्ही टप्पे एकाच वेळी तुटले, तर चिकोडीचा नोड केवळ निपाणीकडून गाठता येतो. तरीही बेळगावचा गेटवे तोच सारांश जाहीर करत राहतो आणि त्याच्याकडे आलेली पॅकेट वाया जातात. इतक्या लहान रिंगसाठी सारांशाचा मोह टाळावा, असे माझे मत आहे.

गेटवेला पिंग (पोहोच तपासणारा चाचणी संदेश) जाते, पण त्याच्यामागच्या नोडांना जात नाही, अशी तक्रार आली तर परतीचा मार्ग पाहावा. गेटवेवर डिफॉल्ट रूट (दुसरा मार्ग माहीत नसेल तेव्हाची वाट) स्थिर, म्हणजे हाताने, लिहिलेला असतो, परंतु तो ओएसपीएफमध्ये जाहीर करायचा राहून गेलेला असतो, म्हणून मागच्या नोडांना उत्तर परत पाठवण्याची वाट कळत नाही.

शेजारसंबंध ‘एक्सस्टार्ट’ला (माहितीची देवाणघेवाण सुरू होण्याच्या टप्प्याला) अडकला असेल, तर दोन्ही टोकांचा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळवावा; पिंगची पॅकेट लहान असल्याने ती बिनबोभाट जातात आणि फसवतात. शेजारी मुळीच दिसत नसेल, तर हॅलो (शेजाऱ्याला नियमित संदेश पाठवण्याचा) व डेड (संदेश न आल्यास शेजारी बंद मानण्याचा) कालावधी आणि सबनेट मास्क (पत्त्यातील नेटवर्कचा भाग ठरवणारी संख्या) तपासावेत. नोडची प्राधान्यता ० ठेवावी, म्हणजे लॅनवर नियुक्त राउटर (सर्वांच्या वतीने मार्गांची माहिती वाटणारा) होण्याचा भार त्याच्या दुबळ्या प्रोसेसरवर पडत नाही. मात्र राउटरलाही ० दिल्यास संबंध पूर्ण होतच नाही.

जोडणी झाल्यावर निपाणीच्या गेटवेची लॅन केबल काढून बेळगावकडून चिकोडी दिसते का ते पाहावे. मध्ये स्विच असल्याने पलीकडच्या राउटरला तुटल्याचे लगेच कळत नाही, म्हणून नेहमीच्या डेड कालावधीचे ४० सेकंद जाऊ द्यावेत आणि मग हीच चाचणी उलट बाजूनेही घ्यावी.