अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला डिफेन्सिव्ह असिस्टंट कोच: तळापासून पोझिशन कोचपर्यंत

कर्बी स्मार्ट २००१ मध्ये वाल्डोस्टा स्टेट या डिव्हिजन दोनच्या (दुसऱ्या श्रेणीच्या) कॉलेजात डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे सगळ्या बचावाचे प्रमुख कोच, होते. पुढच्याच वर्षी ते फ्लोरिडा स्टेटमध्ये ग्रॅज्युएट असिस्टंट (जीए) झाले, म्हणजे पदाने थेट तळाला. २००४ मध्ये लुइझियाना स्टेटमध्ये (एलएसयू) त्यांना डिफेन्सिव्ह बॅक्स, म्हणजे बचावाची मागची फळी, मिळाले, कारण तिथले कोऑर्डिनेटर विल मशॅम्प वाल्डोस्टात त्यांच्यासोबत काम करून गेले होते. डॅन लॅनिंग यांचंही तसंच. २०१४ मध्ये सॅम ह्यूस्टन स्टेटमध्ये पूर्णवेळ कोच, २०१५ मध्ये अलाबामात पुन्हा जीए. अलाबामाचा डिफेन्स तेव्हा स्मार्ट यांच्याकडे होता. २०१८ मध्ये जॉर्जियाचे हेड कोच म्हणून स्मार्टनीच लॅनिंगना घेतलं, वर्षभरात कोऑर्डिनेटर केलं, आणि २०२२ पासून लॅनिंग ओरेगनचे हेड कोच आहेत.

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये डिफेन्सची नोकरी अशी मिळते. जाहिरात निघते तोवर नाव बहुतेक वेळा ठरलेलं असतं, आणि ठरवणाऱ्याने तुमचं काम कधीतरी शेजारच्या टेबलावरून पाहिलेलं असतं. म्हणून खाली मुलाखतीपेक्षा टेबलावरच्या कामाबद्दल जास्त लिहिलं आहे.

आत शिरायचं कसं

पायऱ्या साधारण अशा: विद्यार्थी असिस्टंट, मग जीए किंवा क्वालिटी कंट्रोल (चित्रफिती आणि आकडेवारीचं काम), ॲनालिस्ट, पोझिशन कोच (एका जागेच्या खेळाडूंचा कोच), कोऑर्डिनेटर. जीए म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता स्टाफमध्ये काम करणारा. फी माफ होते आणि वर हातखर्चापुरते पैसे मिळतात. जागा प्रामुख्याने डिसेंबर ते फेब्रुवारीत मोकळ्या होतात, कारण हेड कोच बदलले की सगळा स्टाफ हलतो. अमेरिकन फुटबॉल कोचेस असोसिएशनचं अधिवेशनही जानेवारीतच भरतं आणि निम्मी बोलणी तिथल्या हॉटेलच्या लॉबीत होतात. हेड कोचला पत्र पाठवून उपयोग नाही. ज्या पोझिशनचं काम हवं तिच्या कोचला आणि फुटबॉल ऑपरेशन्सच्या संचालकाला लिहा, एक पानाचा बायोडेटा द्या, आणि सोबत एखाद्या सामन्याचं तुम्ही केलेलं पूर्ण ब्रेकडाउन, म्हणजे प्रत्येक चालीची (प्लेची) नोंद, जोडा. बायोडेटा कुणी वाचो न वाचो, ते ब्रेकडाउन उघडून पाहिलं जातं.

मोठं नाव की लहान कॉलेज? डिव्हिजन तीन किंवा एनएआयएमध्ये (लहान कॉलेजांची वेगळी संघटना) पहिल्याच वर्षी स्वतःची खोली मिळू शकते, म्हणजे सगळे लाइनबॅकर्स (बचावाची मधली फळी) तुमचे. मोठ्या ठिकाणी तुम्ही दोन वर्षं सरावाची कार्डं रंगवाल. आमच्या मते आधी लहान ठिकाणी शिकवायला शिकावं आणि मग खाली उतरून मोठ्या खोलीत शिरावं. वरची दोन्ही उदाहरणं तीच आहेत.

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांसाठी एक सरळ गोष्ट. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, त्यामुळे व्हिडिओ विभाग किंवा डेटा हे तुमचं खरं दार आहे. स्वतः कधी खेळला नसाल तर ते अरुंद आहे, पण उघडं आहे. मात्र पदवीनंतरचं ओपीटी (काम करण्याची तात्पुरती परवानगी) शिक्षणाशी संबंधित कामावरच चालतं. संगणकशास्त्रात मास्टर्स करून लाइनबॅकर्स शिकवायचे म्हटलं तर कागद जुळणार नाहीत. विषय निवडतानाच आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात विचारून घ्या.

ब्रेकडाउन: इथेच तुमची परीक्षा

प्रतिस्पर्ध्याचे शेवटचे चार-पाच सामने म्हणजे तीनशेच्या आसपास प्ले. प्रत्येक प्लेसमोर हे रकाने भरायचे: डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांपैकी कितवा), अंतर, यार्डलाइन, हॅश (चेंडू मैदानाच्या कोणत्या बाजूला), पर्सोनेल, फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी), बॅकची जागा, मोशन (प्लेआधीची हालचाल), रन की पास, कन्सेप्ट (प्लेचा प्रकार), दिशा, मिळालेले यार्ड. पर्सोनेल दोन आकड्यांत लिहितात: पहिला रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारे) किती, दुसरा टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभे राहणारे) किती. ११ म्हणजे एक बॅक, एक टाइट एंड, उरलेले तीन रिसीव्हर. यार्डलाइन ऑफेन्सच्या स्वतःच्या अर्ध्यात उणे लिहायची. –१५ आणि १५ यांत गल्लत झाली की रेड झोनचा (गोललाइनआधीचे शेवटचे २० यार्ड) सगळा अहवाल कचऱ्यात.

नवशिक्याच्या चुका ठरलेल्या असतात. सर्वांत वाईट चूक फॉर्मेशनच्या नावांची. प्रत्येक स्टाफची नावं वेगळी असतात. जुन्या कॉलेजात शिकलेलं नाव इथे टाकलंत की एकच फॉर्मेशन दोन नावांनी मोजली जाते आणि दोन्हीकडचे टक्के खोटे निघतात. दुसरी चूक: निकाल लागलेल्या सामन्याचा चौथा क्वार्टर मोजणं. २८ गुणांनी पुढे असलेला संघ घड्याळ पळवायला धावतो, त्याचा तिसऱ्या डाउनच्या सवयीशी संबंध नाही. ते प्ले वेगळ्या खुणेने बाजूला ठेवा, पुसू नका. तिसरी चूक म्हणजे तीन प्लेवरून ‘शंभर टक्के रन’ लिहिणं. टक्क्यांशेजारी प्लेची संख्या नेहमी लिहा. कोऑर्डिनेटर आधी तीच बघतो.

तिसरा डाउन अंतराने तोडायचा: १ ते ३ शॉर्ट, ४ ते ६ मीडियम, ७ ते १० लाँग, त्यापुढे वेगळं. हे आकडे दगडावरची रेघ नाहीत. तुमच्या कोऑर्डिनेटरचे जे असतील तेच वापरा.

हॅशबद्दल दोन शब्द जास्त. मैदान १६० फूट रुंद. प्रत्येक प्ले ज्यांच्या आत सुरू होते त्या खुणा म्हणजे हॅशमार्क. कॉलेजात ते प्रत्येक साइडलाइनपासून ६० फुटांवर असतात, म्हणजे दोन हॅशमध्ये ४० फूट. एनएफएलमध्ये हेच अंतर १८ फूट ६ इंच. कॉलेजात चेंडू हॅशवर असला की एका बाजूला २० यार्ड जागा आणि दुसऱ्या बाजूला ३३ यार्डांहून जास्त. रुंद बाजू ती फील्ड, अरुंद ती बाउंड्री. सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) कुठे सरकेल, नि‌कल (पाचवा डिफेन्सिव्ह बॅक) कुठे उभा राहील, ब्लिट्झ (क्वार्टरबॅकवर जादा खेळाडूंचा हल्ला) कुठून येईल हे बऱ्याच संघांत त्यावरच ठरतं. हॅशचा रकाना रिकामा सोडलेलं ब्रेकडाउन कॉलेजात फारसं कामाचं नसतं.

स्काउट कार्डं आणि सराव

सराव पाच-पाच मिनिटांच्या पिरियडमध्ये चालतो. २४ पिरियड म्हणजे दोन तास. मंगळवार-बुधवार जड, गुरुवारी हलका, शुक्रवारी चालत उजळणी, शनिवारी सामना. टीम पिरियडमध्ये तुमच्या डिफेन्ससमोर दुसऱ्या फळीचे खेळाडू प्रतिस्पर्ध्याचं ऑफेन्स खेळतात आणि त्यांना प्ले दाखवायची ती जीएची कार्डं.

कार्ड जाड मार्करने, हातभर अंतरावरून वाचता येईल असं काढा. ज्याच्याकडे चेंडू जाणार त्याचा गोल भरून टाका. तुमचा डिफेन्स ज्या फ्रंटमध्ये (पुढच्या फळीच्या मांडणीत) असेल तोच कार्डावर काढा, नाहीतर गार्डला (ऑफेन्सच्या लाइनमधला खेळाडू) कोणाला अडवायचं ते कळत नाही आणि तो उभाच राहतो. कोपऱ्यात प्लेचा क्रमांक, डाउन-अंतर आणि हॅश. कार्डांचा क्रम छापील स्क्रिप्टशी ताडून पाहा, मैदानावर जायच्या आधी, दोनदा. एक कार्ड मागेपुढे झालं की कोऑर्डिनेटर एक कॉल देतो, समोर दुसरीच प्ले येते आणि ती चित्रफीत निरुपयोगी होते. चेंडू कार्डावरच्या हॅशवरच ठेवायला लावा. दमलेले मॅनेजर तो मधोमध ठेवतात.

हंगामात खेळाडूंचा वेळ आठवड्याला २० तास, दिवसाला चार तास आणि एक दिवस पूर्ण सुट्टी इतकाच असतो. तुमच्या तासांना मर्यादा नाही, हे वेगळं सांगायला नको.

स्वतःची खोली मिळाल्यावर

पोझिशन कोच म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारा: हा ड्रिल शनिवारच्या चित्रफितीत कुठे दिसतो? दाखवता आलं नाही तर ड्रिल काढून टाका. शिडीवरून नाचवणारे ड्रिल बघायला छान असतात, पण लाइनबॅकरला गार्डचं पाऊल वाचून बी गॅपमध्ये (गार्ड आणि त्याच्या बाहेरचा टॅकल यांच्यामधली फट) शिरायला त्यांचा उपयोग नसतो. टॅकलिंग रोज ठेवा, डोकं बाजूला आणि खांदा पुढे. २०१३ पासून टार्गेटिंगला (हेल्मेटने किंवा डोक्यावर केलेला धोकादायक आघात) हकालपट्टी आहे, तेव्हा डोकं खाली घालायची सवय असली तर तुमचा पहिल्या फळीतला सेफ्टीही सामन्यातून जाऊ शकतो.

सामन्यानंतर रविवारी प्रत्येक खेळाडूच्या प्रत्येक स्नॅपला, म्हणजे प्रत्येक प्लेला, गुण द्यायचे: जबाबदारी, तंत्र, जोर. तिन्ही वेगळे लिहा. चुकीच्या गॅपमध्ये गेलेल्याने टॅकल केलं म्हणून अधिक गुण दिले की पुढच्या शनिवारी तोच गॅप ६० यार्डांना उघडतो. कमी झालेला जोर दाखवताना शब्द कमी वापरा, चित्रफीत थांबवा. खेळाडूला पुरेसं कळतं.

सामन्याच्या दिवशी जीए किंवा ॲनालिस्ट सहसा वर प्रेस बॉक्समध्ये बसतो. काम एकच: समोरचे कोण आत-बाहेर झाले ते ओरडून सांगणं, ‘बारा, बारा!’ मग डाउन-अंतर, हॅश. ऑफेन्सने खेळाडू बदलले तर डिफेन्सला बदलायची संधी नियमाने मिळते, पण ती घ्यायला तुमचा आवाज वेळेत खाली पोहोचायला हवा. एफबीएसमध्ये (डिव्हिजन एकचा वरचा गट) २०२४ पासून मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ आहे, हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका. प्ले क्लॉकवर (पुढची प्ले सुरू करायचं घड्याळ) १५ सेकंद उरले किंवा स्नॅप झाला (चेंडू मागे दिला गेला), जे आधी होईल तेव्हा तो बंद होतो. ठिपकेवाला जखमी झाला तर पुढचा कोण हे शुक्रवारीच ठरवा. आणि हाताच्या खुणा शिकवणं सोडू नका. वेगवान ऑफेन्ससमोर बाकीच्या दहा जणांपर्यंत कॉल पोहोचवायला रेडिओ अपुरा पडतो.

वरची पायरी का अडते

२०२४ च्या उन्हाळ्यात डिव्हिजन एकने नियम सैल केला आणि एफबीएसमध्ये ॲनालिस्टही मैदानावर शिकवू लागले. त्याआधी हेड कोचखेरीज दहाच असिस्टंट शिकवू शकत. पण कॅम्पसबाहेर जाऊन भरती करायची मुभा अजून हेड कोच आणि दहा असिस्टंट यांनाच आहे. त्यामुळे त्या दहांतली जागा भरताना हेड कोच विचारतो की हा माणूस खेळाडू आणू शकतो का. उत्तम शिकवणारे लोक इथेच वर्षानुवर्षं अडकतात.

तयारी आधीपासून करता येते. एखादा प्रदेश निवडा, तिथल्या हायस्कूल कोचेसची नावं, त्यांचे डिफेन्स, कोणाची मुलं कुठे गेली याची वही ठेवा. उन्हाळी शिबिरांत त्या कोचेसना स्वतः भेटा. मुलाची उंची आणि हातांची लांबी स्वतः मोजा, पत्रकावरचा आकडा उतरवून घेऊ नका. गुणपत्रिका पहिल्याच महिन्यात मागवा. हिवाळ्यात कळलं की गणिताचा एक विषय राहिलाय, तर वर्षाची मेहनत पाण्यात.

करार हातात आला की तीन गोष्टी वाचा: मुदत किती, हेड कोचला काढलं तर तुमचा उरलेला पगार मिळतो का, आणि दुसरीकडे नोकरी लागल्यावर तो पगार त्यातून वजा होतो का. शेवटचं कलम बहुतेक ठिकाणी असतं. जीएला यातलं काहीच लागू नसतं.

डिसेंबरची तयारी ऑक्टोबरमध्येच करा. स्टाफ काढला गेला की व्हिडिओचं लॉगिन अनेकदा त्याच दिवशी बंद होतं. कोणतं साहित्य नेता येईल हे आधी लेखी विचारा, कारण प्लेबुक आणि डेटा सहसा कॉलेजची मालमत्ता असते. परवानगी मिळाली तर तुमच्या ड्रिलची दहा-बारा मिनिटांची फीत तयार ठेवा, प्रत्येक ड्रिलमागे सामन्यातली तीच हालचाल जोडून. मुलाखतीत ती चालवतात, मग मार्कर हातात देतात आणि म्हणतात, एका बाजूला तीन रिसीव्हर, चेंडू बाउंड्रीच्या हॅशवर, तुमचा फ्रंट आणि कव्हरेज (रिसीव्हरना कोण कसं सांभाळणार) काढा. काढून झालं की विचारतात, आता बॅक मोशनमध्ये बाहेर गेला तर कोण सरकतो?