आइस्क्रीमच्या काड्यांचा ट्रस पूल कसा करायचा

भाचीच्या शाळेत प्रदर्शन होतं आणि तिला लोखंडी ट्रस पूलच (म्हणजे त्रिकोणात जोडलेल्या दांड्यांच्या सांगाड्याचा) पायजे होता, का तर तिनं अमेरिकेतल्या चॅटनूगाच्या वॉलनट स्ट्रीट ब्रिजचा फोटो बघितलेला. 1891 चा पूल, 1978 ला गाड्यांना बंद केला, 1993 पासून फक्त चालणाऱ्यांसाठी. म्हटलं करूया की, त्यात काय एवढं. पहिला पूल कचऱ्यात गेला.

चूक अशी झाली की चौकोनात तिरकी काडी घालायला गेलो. उभी आडवी काडी सारखी घेतली की तिरकी जवळजवळ दीडपट लागते, आणि आपल्या काड्या सगळ्या एका मापाच्या. म्हणून सरळ वॉरन ट्रस करा, 1848 चं पेटंट हाय, नुसते समभुज त्रिकोण, एकही काडी कापायला नको. एका बाजूला खाली 4, वर 3, तिरक्या 8, म्हणजे 15. दोन बाजूंच्या 30. वाकड्या काड्या आधीच बाजूला काढा.

कागदावर पेन्सिलनं आखून त्याच्यावरच चिकटवायचं, टोकं सेंटीमीटरभर एकमेकांवर चढवून, फेविकॉल थोडाच, आणि प्रत्येक सांध्याला कपड्याचा चिमटा लावून रात्रभर ठेवायचं. सकाळपर्यंत हात लावायचा नाही, आमच्या भाचीनं लावला.

आता मुद्द्याची गोष्ट. आपला कोल्हापूरचा शिवाजी पूल दगडी कमानींचा, तिथं सगळा खेळ दाबाचा, ट्रसमध्ये काही काड्या दाबल्या जातात, काही ताणल्या जातात. ताणातली काडी सहसा तुटत नाही, दाबातली बाजूला वाकते. म्हणून वरच्या काड्या डबल करा, टोकाच्या तिरक्या पण. आणि दोन्ही बाजू जोडताना आडव्या काड्या खाली 5, वर 4 लावल्या की वरनं तिरक्या काड्यांच्या फुल्या मारायला विसरू नका (इथं एक काडी पुरत नाही, दोन जोडून घ्या), नाहीतर पूल आख्खा एका बाजूला कलतो, मग कितीबी फेविकॉल ओता.

वजन दोन स्टुलांच्या मध्ये पूल ठेवून टांगायचं, पण सांध्याखालीच, काडीच्या मधोमध अजिबात नाही. आम्ही घरातला एक किलोचा गुळाचा रवा (म्हणजे ढेप) पिशवीत घालून टांगला, मस्त राहिला. दुसरा लावणार तेवढ्यात ताई म्हणाली गूळ फरशीवर पडला तर मुंग्या तुम्हीच काढायच्या, मग एका रव्यावरच थांबलो.