‘रोल्ड ओव्हर’ म्हणजे कंटेनर उलटला नाही

फ्रेट फॉरवर्डिंगमध्ये, म्हणजे लोकांचा माल जहाजाने पाठवून देण्याच्या धंद्यात नव्याने लागलेल्या, मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींसाठी लिहिते आहे. टेन्स आणि स्पेलिंग तुम्हाला येतंच. अडवतात ती इंग्रजीतली दोन-दोन शब्दांची जोडक्रियापदं, म्हणजे फ्रेजल व्हर्ब्स.

बेलापूरच्या ऑफिसात मला जेमतेम तीन आठवडे झाले होते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने यायचे. एका सकाळी शिपिंग लाइनचा मेल आला : ‘युवर कंटेनर हॅज बीन रोल्ड ओव्हर.’ रोल म्हणजे लोळणं, ओव्हर म्हणजे वरून. डिक्शनरीतही उलटणं हाच अर्थ आधी दिसला. मी तडक पार्टीला, म्हणजे ज्यांचा माल होता त्या ग्राहकाला, फोन लावला, ‘साहेब, न्हावा-शेव्याला तुमचा कंटेनर उलटला.’ ते विमा कंपनीला कळवायला निघाले. अर्ध्या तासाने सिनियर ताईंनी मेल वाचला. कंटेनर यार्डात धड उभा होता. जहाजावर जागा उरली नाही, म्हणून लाइनने तो पुढच्या जहाजावर ढकलला होता. आपल्या धंद्यात रोल ओव्हर म्हणजे एवढंच. बँकेतली एफडी मुदत संपल्यावर पुढच्या मुदतीत जाते, त्यालाही रोल ओव्हरच म्हणतात. त्या साहेबांचा घाबरलेला आवाज मला अजून आठवतो.

माझं चुकलं ते हे की मी जोडीचे तुकडे पाडले. आपल्या मराठीकडेच बघा ना. लिहून टाक, लिहून ठेव, लिहून घे, लिहून दे. ‘टाकणे’चा अर्थ फेकणे असा पाठ केलेल्या परक्या माणसाला ‘लिहून टाक’ कसं कळणार? आपल्याला कळतं, कारण आपण ती जोडी अख्खी ऐकत वाढलो. इंग्रजीतही तेच आहे, अर्थ फिरवणारा छोटा शब्द तिकडेही मागूनच येतो. म्हणून ‘इंग्रजीतच विचार कर’ हा सल्ला मला पटत नाही. मला वाट मराठीनेच दाखवली.

व्हॉट्सअॅपवर फिरणारी ‘पाचशे फ्रेजल व्हर्ब्स’ची पीडीएफ डिलीट करा. ज्या मेलमध्ये जोडी भेटली, ते अख्खं वाक्य वहीत उतरवा. शेजारी बसवून जुने मेल वाचून दाखवणारी एक सिनियर दहा क्लासेसपेक्षा मोलाची. तशी मिळाली तर तिला सोडू नका.

सेलिंग, म्हणजे जहाजाचं सुटणं, ‘पुट ऑफ’ झालं तर तारीख पुढे गेली, ‘कॉल्ड ऑफ’ झालं तर रद्दच. यात गफलत केलीत तर रद्द झालेल्या जहाजाची वाट पार्टी बघत बसेल. कोटेशन ‘टर्न्ड डाऊन’ म्हणजे नाकारलं, भाव उतरवला असं नाही. लिहिताना ‘फिल इट इन’ म्हणा, ‘फिल इन इट’ नको. पण ‘लुक इंटू इट’मधला ‘इट’ शेवटीच येतो. हा ‘इट’चा क्रम चुकला तरी समोरच्याला अर्थ पोचतो, तेव्हा त्यासाठी रात्री जागू नका.

अंदाजावर पार्टीला फोन मात्र कधीही करू नका. आधी लाइनला एक ओळ पाठवा : ‘प्लीज कन्फर्म द न्यू व्हेसल अँड सेलिंग डेट.’ त्या सकाळी मी एवढं विचारलं असतं, तर उत्तरात पुढच्या जहाजाचं नाव आलं असतं.