वेल्श भक्तिगीतांचा अभ्यास: आधी एक शब्द धरा

माझा वेल्श कवितेवरचा पहिला निबंध परत आला तेव्हा त्यावर एकच शेरा होता : यातलं कवयित्रीचं नाव बदललं तरी काही बिघडणार नाही. साताऱ्यात २७ वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, वेल्समध्ये कार्डिफला लेकीकडे आले, संध्याकाळच्या वेल्शच्या वर्गाला जाऊ लागले आणि हौसेनं निबंध लिहिला. पाप, कृपा, विरह, मोक्ष असे चार मथळे, प्रत्येकाखाली तीन-तीन अवतरणं. आपल्याकडच्या गाइडांत असतं तसं. शेरा झोंबला, पण खरा होता. आता कुणी विद्यार्थी 'आध्यात्मिक आशयावर प्रबंध करायचाय, सुरुवात कुठून करू' विचारतो तेव्हा मी सांगते की 'आशय' हा शब्द महिनाभर उच्चारू नकोस. एक शब्द धर आणि त्याच्या मागे जा.

पण शब्द धरायचा तर तो वेल्शमधलाच हवा, इंग्रजी भाषांतरातला नाही. विल्यम विल्यम्स पंताकेलिन (१७१७–१७९१) याचं सगळ्यांत गाजलेलं गीत घ्या. कार्डिफच्या स्टेडियमवर रग्बीच्या सामन्याला हजारो लोक स्वर्गातल्या भाकरीची ओळ गातात, ते त्याचं इंग्रजी रूप. त्यात यात्रेकरू म्हणतो, मी दुबळा आहे पण तू समर्थ आहेस. मूळ वेल्शमध्ये तो म्हणतो, माझ्यात बळ नाही, जीव नाही, थडग्यात पडल्यासारखा आहे. थडग्याला वेल्शमध्ये 'बेद' म्हणतात. इंग्रजीत येताना त्या ओळीतलं थडगं गेलं आणि नुसता अशक्तपणा उरला. पुढची चार अक्षरांची ओळ एकाच शब्दानं भरली आहे, 'होल्ह-अल्ह-ई-ऑग', म्हणजे सर्वसमर्थ. थडग्यातल्या माणसाला वर काढणारा तो. इंग्रजीवर निबंध लिहिलात तर तुम्ही दुबळेपणावर लिहाल. पंताकेलिन मेलेल्या माणसाबद्दल बोलतोय.

यासाठी भाषा किती यायला हवी? वर्षभराची पुरते. उच्चार मराठी माणसाला जड जात नाहीत, फक्त दोन 'एल' एकत्र आले की तो आपला ळ नव्हे. जीभ ल ला ठेवायची आणि बाजूनं हवा फुंकायची. खरी अडचण शब्दकोशात येते. आपल्याकडे सामान्यरूपात शब्दाचा शेवट बदलतो, वेल्शमध्ये सुरुवात बदलते. 'पेरेरिन' म्हणजे यात्रेकरू, तो ओळीत 'बेरेरिन' होऊन येतो. 'ग' तर काही ठिकाणी चक्क गायब होतो. 'उर्थ्रिख' हा शब्द मी दोन तास शोधत होते. तो 'गुर्थ्रिख' होता, इंग्रजीतलं 'ऑब्जेक्ट'. वेल्स विद्यापीठाचा ऐतिहासिक शब्दकोश आता इंटरनेटवर मोफत आहे, त्यात शब्दांचे जुने दाखले सालांसकट मिळतात. तो कायम उघडा ठेवा.

आता एकच गीत घेऊन बसू. ॲन ग्रिफिथ्स, जन्म १७७६, मॉन्टगोमेरीशरच्या डोंगरातलं दोलवार वाख हे शेत. १८०४ मध्ये लग्न, १८०५ मध्ये बाळंतपणानंतर मृत्यू, वय २९. तिची कडवी साधारण ७० आहेत, आणि तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरात त्यातलं एकच मिळतं. बाकीची तिच्या घरी काम करणाऱ्या रूथ इव्हान्सला पाठ होती. रूथला लिहिता येत नव्हतं, तिनं म्हटली आणि तिचा नवरा जॉन ह्यूज यानं लिहून घेतली. (बहिणाबाई आणि सोपानदेव आठवले ना? मलाही आठवले. पण ते वहीच्या समासात लिहा, निबंधात नको.) बाला गावचा धर्मोपदेशक टॉमस चार्ल्स याच्या पुढाकारानं ती १८०६ मध्ये छापली गेली.

म्हणजे तुमच्यासमोरचा पाठ कुणाचा, हे आधी ठरवायला हवं. 'पाहा, मर्टलच्या झुडपांत उभा आहे' असं सुरू होणारं तिचं गीत घ्या. चर्चमधल्या गीतांच्या छापील पुस्तकात त्यात 'मी त्याला (म्हणजे येशूला) अंशतः ओळखते' असं आहे, वेल्शमध्ये 'ओ रान'. जॉन ह्यूजच्या लेखनात तिथे 'ओर ब्राइद' आहे, म्हणजे जेमतेम. 'अंशतः' हा प्रेषित पौलाचा शब्द, बायबलातल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या तेराव्या अध्यायातला. कुणीतरी तिची ओळ शास्त्राकडे ओढून नीट बसवली. जेमतेम ओळखणारी बाई आणि अंशतः ओळखणारी बाई एक नव्हेत. जेमतेममध्ये धडपड आहे. पुस्तकातल्या पाठावर विसंबून 'पौलाचा प्रभाव' असं लिहिणारा संपादकाचा प्रभाव मोजत असतो.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि सगळं यश त्यातच आहे. वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे ओळ, उजवीकडे बायबलातली जागा. वेल्श बायबल १५८८ मध्ये विल्यम मॉर्गननं पूर्ण केलं, १६२० मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली, तीच या कवींच्या तोंडी बसलेली. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्सच्या फिरत्या शाळांत शेतकऱ्यांची पोरं, म्हातारी माणसंसुद्धा त्यातूनच वाचायला शिकली. शेजारी मराठी बायबल ठेवा, संदर्भ पटकन सापडतात. मर्टलमधला माणूस जखऱ्याच्या पहिल्या अध्यायातला. 'जसा आहे तसा पाहीन' हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं. शारोनचा गुलाब, दहा हजारांत उठून दिसणारा गोरा-तांबूस, हे दोन्ही गीतरत्नातलं. पाप्यांचा मित्र मत्तयातला. 'मूर्तींशी मला आता काय करायचंय' होशेयच्या शेवटच्या अध्यायातलं, आणि प्रीतीत राहण्याची विनवणी योहानाच्या पंधराव्या अध्यायातली. तीन कडवी, १८ ओळी, एवढ्यात एवढी गर्दी.

ही यादी म्हणजे निबंध नव्हे. यादीत काय नाही ते बघा. जखऱ्याचा माणूस तांबड्या घोड्यावर आहे. ॲननं घोडा सोडून दिला, नुसतं उभं राहणं ठेवलं. आणि एका ओळीला मला सरळ वचन सापडलं नाही : पाप्यांचा हा मित्र 'समुद्रावरचा वाटाड्या' आहे, जहाज हाकणारा. डोंगरातल्या शेतावरच्या मुलीला समुद्र का हवासा वाटला? उजवा रकाना जिथे रिकामा राहतो तिथे मी आठवडा घालवते.

'मी' कोण, हेही विचारा. हे कवी मेथडिस्ट, अठराव्या शतकातल्या ख्रिस्ती सुधारणा-चळवळीतले. त्यांच्या छोट्या बैठका होत, त्यांना 'सायट' म्हणत. तिथे प्रत्येकानं आपल्या मनाची अवस्था चारचौघांत सांगायची. पंताकेलिननं १७७७ मध्ये त्यावर मार्गदर्शनाचं पुस्तकच लिहिलं. तेव्हा या गीतांतला 'मी' एकांतात हुंदके देणारा नाही, बोलायला सरावलेला आहे, ऐकणारे समोर बसलेत. आणि मराठी वाचकाला एक सावधगिरी, माझ्याच चुकीवरून. 'हे तर आपल्या मधुराभक्तीसारखंच' असं म्हणायचा मोह आवरा. मी 'मोक्ष' लिहिलं होतं. हे लोक कॅल्व्हिन या धर्मसुधारकाच्या वळणाचे, तिथे कुणी कुणात विलीन होत नाही. ॲनला त्याला बघायचंय, आणि बघायला दोघं लागतात.

मध्ययुगीन कवितेकडे मी जात नाही. तिथे 'कंगहानेद' ही व्यंजनांची कडक जुळणी कानाला कळल्याशिवाय आशयावर बोलणं उथळ होतं. विसाव्या शतकात मात्र जरूर जा, तोच शब्द हातात धरून. 'ओळखणं' याला वेल्शमध्ये 'अदनाबॉद', आणि माहीत असणं याला 'ग्वबॉद'. इंग्रजीत दोन्हींना एकच क्रियापद, मराठीत आपल्यालाही दोन. हा आपला फायदा, तो सोडू नका. वाल्डो विल्यम्स (१९०४–१९७१), पेंब्रोकशरचा, क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथात गेलेला, युद्धखर्चाच्या निषेधार्थ आयकर न भरल्यामुळे तुरुंगात गेलेला. तो एका कवितेत विचारतो, अदनाबॉद म्हणजे काय? आणि उत्तर देतो : फांद्यांखाली एकच मूळ सापडणं. ॲनची ओळख वर बघते, तिच्या त्याच्याकडे. वाल्डोची जमिनीत उतरते, शेजाऱ्याकडे जाते. दीडशे वर्षांत एका क्रियापदानं दिशा बदलली. माझा दुसरा निबंध एवढ्यावरच होता, चार पानांचा, आणि तो परत आला नाही.

लिहिताना प्रत्येक कडव्याचं साध्या मराठी गद्यात भाषांतर करा, छापायला नव्हे, कुठे अडतो ते कळायला. मी 'गुर्थ्रिख'वर अजून अडलेय. ॲन हा एकच शब्द पहिल्याच कडव्यात दोनदा वापरते : मर्टलमध्ये उभा असलेला तो तिच्या सगळ्या चित्ताला योग्य गुर्थ्रिख, आणि तो जगातल्या गुर्थ्रिखांच्या वर. पहिल्याला 'आराध्य' आणि दुसऱ्यांना 'वस्तू' केलं की वाचायला छान वाटतं, पण तिनं दोघांना एकाच तराजूत घातलंय ते जातं. 'विषय' चालेल का? ज्यावर चित्त जडतं तो विषय, आणि ज्यापासून ते सोडवायचं तेही विषय. पण मग त्याच्यामागून आपले सगळे संत येऊन बसतात, ज्यांना मी दारातच थांबवलं होतं. वहीत दोन्ही शब्द पेन्सिलनं लिहून ठेवलेत.