कारखान्याआधी कारागीर : शेंद्रा-बिडकीनच्या निमित्ताने जिल्ह्याचे कुशल मनुष्यबळ कसे घडवावे

छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा आणि बिडकीन येथे मिळून सुमारे १०,००० एकरांवर ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहत आहे. जून २०२४ मध्ये एथर एनर्जीने इलेक्ट्रिक स्कूटरच्या कारखान्यासाठी ही जागा निवडल्याचे जाहीर झाले आणि ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर मोटरने राज्य सरकारबरोबर सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला. अशा बातम्या आल्या की पैठण, गंगापूर, वैजापूरकडच्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो : आपल्या मुलांना तिथे काम मिळेल का, आणि मिळाले तर ते गेटवरच्या पहारेकऱ्याचे असेल की आतल्या तंत्रज्ञाचे? करार झाल्यापासून उत्पादन सुरू होईपर्यंत जी दोन-तीन वर्षे मिळतात, त्यांत जिल्हा काय करतो यावर याचे उत्तर ठरते. औद्योगिक संघटनांचे पदाधिकारी, आयटीआयचे (औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे) प्राचार्य, तिथल्या संस्था व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आणि प्रकल्पालगतच्या ग्रामपंचायती यांनी या काळात काय करावे, ते येथे मांडले आहे.

सर्वप्रथम दिनदर्शिका उलट्या बाजूने मोजावी. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर हे आयटीआयचे व्यवसाय दोन वर्षांचे आहेत. त्यानंतर साधारण वर्षभराची शिकाऊ उमेदवारी धरली, तर दहावी झालेला मुलगा कामाच्या उपयोगाचा व्हायला तीन वर्षे लागतात. त्याला शिकवणारा निदेशक नव्या तंत्रात तयार करायला आणखी एक वर्ष हवे. म्हणजे कारखान्याची भिंत उभी राहताना जो प्रवेश घेईल, तो यंत्रे सुरू होऊन गेल्यावर बाहेर पडेल, आणि तोवर त्या जागा पुणे, होसूर किंवा मानेसरहून आलेल्या अनुभवी माणसांनी भरलेल्या असतील. यात त्या माणसांचा किंवा कंपनीचा काहीही दोष नसतो. जमिनीचे वाटप झाले त्याच महिन्यात प्रशिक्षणाचे काम हाती घेतले गेले नाही, हा आपला दोष असतो.

पदांची नव्हे, कामांची यादी

कंपनीला ‘तुम्हाला किती माणसे लागतील’ असे विचारले की एक गोल आकडा मिळतो आणि त्यावरून अभ्यासक्रम ठरवता येत नाही. त्याऐवजी उत्पादन विभागातील माणसांबरोबर बसून प्रत्येक कामासाठी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : हातात कोणते यंत्र किंवा उपकरण असेल, काय मोजावे लागेल आणि कोणता निर्णय कुणालाही न विचारता स्वतः घ्यावा लागेल. यातली तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण कुशल आणि अकुशल यांतला फरक तिथेच असतो.

याचे एक उदाहरण पाहू. ‘इलेक्ट्रिक वाहन तंत्रज्ञ’ हा एकच शब्द आपण सरसकट वापरतो. पण आपल्याकडच्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी साधारणपणे ५० ते ७० व्होल्टच्या आसपास असते, तर इलेक्ट्रिक आणि हायब्रिड मोटारींत काही शे व्होल्ट डीसी खेळत असतात. मोटारीतल्या नारिंगी रंगाच्या केबलला हात लावण्याआधी इन्सुलेटेड हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढणे, कपॅसिटर रिकामे होण्यासाठी ठरलेला वेळ थांबणे, मीटरने शून्य व्होल्टची खात्री करणे, हा क्रम अंगवळणी पडलेला असावा लागतो, कारण चुकीला दुसरी संधी नसते. स्कूटरच्या लाइनवर मात्र सेलची हाताळणी, ठरावीक टॉर्कने बोल्ट आवळणे, कनेक्टर पूर्ण बसल्याची खूण ओळखणे आणि इलेक्ट्रॉनिक भागांना स्थिर विजेपासून जपणे यांवर भर असतो. दोन्ही कामे चांगलीच आहेत, पण एका तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमात ती एकत्र कोंबली तर कोणतेच धड शिकवले जात नाही.

ही यादी केवळ मोठ्या कंपनीकडून घेऊन थांबू नये. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, त्यानंतर डाय (साचे), फिक्स्चर (काम पकडून ठेवणारी साधने), शीट मेटल, कास्टिंग आणि रबराचे सुटे भाग करणाऱ्या लहान उद्योगांची मोठी साखळी तिथे तयार झाली. वीस-पंचवीस माणसांच्या या शेडमध्ये एक माणूस ड्रॉइंग वाचतो, प्रोग्राम टाकतो, सेटिंग करतो आणि पहिला जॉब, म्हणजे तयार झालेला पहिला भाग, तपासतो. मोठ्या कारखान्यात हीच कामे चार जणांत वाटलेली असतात. खऱ्या अर्थाने बहुकुशल माणसाची गरज या लहान उद्योगाला आहे, आणि माणूस घडवायला त्याच्याकडेच पैसा व वेळ कमी आहे. म्हणून जिल्ह्याची योजना त्याच्या गरजेपासून सुरू झाली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

निदेशक आधी, यंत्र नंतर

निधी आला की पहिली खरेदी यंत्राची होते, कारण यंत्राचे उद्घाटन करता येते. एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी उत्तम स्थितीतले सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारे) यंत्र प्लॅस्टिकच्या आवरणाखाली पाहिले आहे. त्याच्या टेबलावर एक ओरखडाही नव्हता. ते चालवायला शिकलेल्या निदेशकाची बदली झाली होती, नव्या निदेशकाला प्रशिक्षण मिळाले नव्हते, आणि इन्सर्ट (धातू कापणारी बदलती पाती) व कूलंट (थंडाव्याचे द्रावण) यांच्यासाठी स्वतंत्र तरतूद कुणी केलीच नव्हती. शेजारच्या खोलीत मुले सीएनसीचे भाग फळ्यावरच्या आकृतीवरून वहीत उतरवून घेत होती. त्या मुलांचे वाया गेलेले वर्ष कोणत्याही अहवालात दिसत नाही.

म्हणून निधीचा पहिला हिस्सा निदेशकांसाठी राखून ठेवावा. प्रत्येक शिल्पनिदेशकाने वर्षातून किमान चार आठवडे प्रत्यक्ष कारखान्यात, पाहुणा म्हणून नव्हे तर पाळीतला एक कामगार म्हणून काढावेत आणि परत आल्यावर तिथे शिकलेल्या एका कामाचा पाठ तयार करावा. दुसऱ्या बाजूने, तीस वर्षे टूल रूममध्ये काढून निवृत्त झालेले सेटर (यंत्राची मांडणी व मापे जुळवणारे) आणि टूल मेकर वाळूज-चिकलठाण्याच्या परिसरात राहतात. त्यांतल्या अनेकांकडे पदवी नाही, पण जॉबवर बोट फिरवून फिनिश सांगणारे हात आहेत. त्यांना तासिका तत्त्वावर बोलवावे आणि त्यांच्याबरोबर तरुण निदेशकाला उभे करावे, म्हणजे एकाकडची कला आणि दुसऱ्याकडची शिकवण्याची पद्धत एकमेकांना मिळते. अशा व्यक्तींचे मानधन संस्था व्यवस्थापन समितीने किंवा औद्योगिक संघटनेने उचलावे आणि ते वेळेवर द्यावे.

आता यंत्रांच्या युगात कानस कशाला मारायची, असा प्रश्न पालकांकडून आणि कधी कधी उद्योजकांकडूनही येतो. त्याचे उत्तर वर्कशॉपमध्ये उभे राहूनच कळते. पहिल्या वर्षाचा मुलगा व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा ठोकळा धरून पृष्ठभाग सपाट करत असतो. ठोकळ्यावर ट्राय स्क्वेअर टेकवून तो उजेडाकडे धरतो. पात्याखालून प्रकाशाची केसाएवढी रेघ दिसते, मग तो तेवढ्याच जागी दोन हात हलके मारतो आणि पुन्हा पाहतो. सरफेस प्लेटवर प्रशियन ब्लू लावून ठोकळा घासला की उंच जागा निळ्या होतात, आणि सुरुवातीला निळाई फक्त दोन कोपऱ्यांत दिसते. आठवड्याभराने ती सगळीकडे पसरते, तेव्हा मिलिमीटरचा शंभरावा भाग म्हणजे काय ते त्याच्या हाताला समजलेले असते. हाच मुलगा पुढे सीएनसी लेथवर उभा राहिला आणि २० मिलिमीटरचा व्यास २०.०१, २०.०२ असा सरकू लागला, की इन्सर्ट झिजत चालल्याचे तो ओळखतो आणि जॉब रिजेक्ट होण्याआधी ऑफसेट देतो, म्हणजे यंत्राच्या मापात तेवढी दुरुस्ती करतो. फक्त बटण दाबायला शिकलेला मुलगा पेटीभर माल बाद झाल्यावर सुपरवायझरला बोलावतो. त्यामुळे पहिल्या सहा महिन्यांचा हातकामाचा पाया कोणत्याही कारणाने कापू नये.

यंत्रे घेताना एक साधा हिशेब करावा. वीस जणांची तुकडी, एक यंत्र आणि पाच तासांचे प्रात्यक्षिक असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात. म्हणून सुरुवातीचे प्रोग्रामिंग संगणकावरच्या सिम्युलेटरवर करून घ्यावे, महागडी यंत्रे एका मध्यवर्ती संस्थेत ठेवावीत आणि तालुक्यांच्या आयटीआयमधील तुकड्या तिथे सलग दोन-दोन आठवड्यांसाठी पाठवाव्यात. केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये १,००० शासकीय आयटीआयच्या उन्नतीसाठी मंजूर केलेली ६०,००० कोटी रुपयांची योजनाही मध्यवर्ती संस्था आणि तिला जोडलेल्या संस्था याच रचनेवर आधारलेली आहे. प्रस्ताव करताना यंत्राच्या किमतीबरोबर पाच वर्षांची देखभाल, हत्यारे, कच्चा माल आणि विजेचे बिल लिहिलेले नसेल, तर समितीने तो प्रस्ताव परत पाठवावा.

कारखान्यातले शिक्षण

चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील इंडो-जर्मन टूल रूममध्ये प्रशिक्षण आणि उद्योगांसाठीचे प्रत्यक्ष उत्पादन एकाच छताखाली चालते, आणि आपल्या जिल्ह्याला समजून घेण्यासारखा नमुना घरातच आहे. त्यामागच्या जर्मन परंपरेत शिकाऊ मुलगा साधारण तीन ते साडेतीन वर्षे आठवड्यातले एक-दोन दिवस शाळेत आणि उरलेले दिवस कंपनीत घालवतो, आणि त्याची अंतिम परीक्षा उद्योगांचे चेंबर घेते. आपण या पद्धतीतले कारखान्यात पाठवणे तेवढे उचलतो. परीक्षेची जबाबदारी उद्योगांनी खांद्यावर घेणे, हा तिचा कणा मात्र सोडून देतो. स्थानिक औद्योगिक संघटनांनी प्रत्येक व्यवसायासाठी अनुभवी परीक्षकांचे मंडळ नेमून वर्षातून एकदा प्रत्यक्ष जॉबची चाचणी घेतली, तर त्या चाचणीच्या गुणपत्रिकेला वाळूज-शेंद्र्यात आपोआप किंमत येईल. यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ नुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेतून विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, सरकार देते. अडचण अशी की अनेक ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्तातला हेल्पर असे समजले जाते आणि मुलगा वर्षभर एकाच प्रेसवर उभा राहतो. हे रोखण्यासाठी प्रत्येक उमेदवाराची कामवही असावी, दर तीन महिन्यांनी विभाग बदलावा, त्याला शिकवणाऱ्या ज्येष्ठ कामगाराचे नाव वहीवर लिहिलेले असावे आणि त्या कामगारालाही या कामाचा वेगळा भत्ता मिळावा. आयटीआयच्या निदेशकाने महिन्यातून एकदा कारखान्यात जाऊन ती वही तपासावी. ज्या लहान उद्योगांना हे एकट्याने झेपत नाही, त्यांनी संघटनेमार्फत एकत्र येऊन उमेदवार आळीपाळीने फिरवावेत आणि चाचण्या-मोजमापांच्या शिक्षणासाठी वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरसारख्या सामाईक सुविधेचा उपयोग करावा.

मुलांपर्यंत पोहोचणे

गावाकडून येणाऱ्या मुलाची गळती बुद्धीमुळे क्वचितच होते. एसटीची वेळ पाळीशी जुळत नाही, रांजणगाव किंवा बजाजनगरातल्या खोलीचे भाडे परवडत नाही, विद्यावेतन दोन महिने अडते, आणि मुलगा सोयाबीनच्या काढणीला घरी जातो तो परत येत नाही. त्यामुळे वसतिगृह, पाळीप्रमाणे बस आणि वेळेवर विद्यावेतन यांची व्यवस्था अभ्यासक्रमाइतकीच गांभीर्याने करावी. मुलींच्या बाबतीत तर बस दारापर्यंत आणि वसतिगृह कारखान्याच्या जवळ असल्याशिवाय पालक तयार होत नाहीत, आणि त्यांचे चूक आहे असे मला वाटत नाही.

शिकवण्याची भाषा मराठीच असावी. ऑफसेट, टॉलरन्स, फिक्स्चर हे शब्द जसेच्या तसे ठेवून त्यामागची कल्पना मराठीत समजावली, की मराठी माध्यमाचा मुलगा ड्रॉइंगला घाबरत नाही. प्रवेशानंतरचे पहिले सहा आठवडे दशांश अपूर्णांक, कोन, त्रिकोणमितीची सुरुवात आणि ड्रॉइंगचे वाचन यांच्या उजळणीला द्यावेत. ज्या कुटुंबांची जमीन प्रकल्पात गेली त्यांच्याशी स्पष्ट बोलावे : चाळिशीच्या शेतकऱ्याला तीन महिन्यांत रोबोट चालवणारा तंत्रज्ञ करण्याचे आश्वासन देऊ नये, त्याला फोर्कलिफ्ट, साहित्य हाताळणी किंवा वाहतुकीतले काम शिकवावे आणि त्याच्या मुलामुलींसाठी दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात जागा मिळवून द्याव्यात. दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केलेल्यांना पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो, हेही पालकांना प्रवेशाच्या दिवशीच सांगावे, म्हणजे आयटीआय ही बंद गल्ली वाटणार नाही.

मोजणी प्रमाणपत्रांची करू नये. तुकडी बाहेर पडल्यावर बारा महिन्यांनी किती जण त्याच क्षेत्रात काम करत आहेत, त्यांचा पगार किती झाला आणि कितीजण ऑपरेटरचे सेटर झाले, हे तीन आकडे फोन करून नोंदवावेत आणि दर तिमाहीच्या बैठकीत प्राचार्य व उद्योजक दोघांसमोर ठेवावेत. तिसऱ्या वर्षी या नोंदींतून सेटर झालेली पाच-सहा नावे काढावीत, त्यांच्या कंपन्यांकडून महिन्यातला एक शनिवार मागून घ्यावा आणि ज्या बाकावर त्यांनी पहिला ठोकळा घासला होता, तिथेच नव्या तुकडीसमोर त्यांना शिकवायला उभे करावे.